प्लेबुक टॅबलेटला ब्लॅकबेरीने फोनवालीच ओएस का नाही दिली?

सिन्नरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा जुन्या काळचा आहे, पण त्या काळात काम केलेले बरेच जण इथे आहेत म्हणून इथेच विचारतोय. मामाने घर बदलताना त्याचा ब्लॅकबेरी प्लेबुक मला दिला, सात इंची, १६ जीबीवाला. अजून चालतो, बॅटरी पण बऱ्यापैकी धरते. आणि खरं सांगतो, वापरून बघितल्यावर थक्कच झालो. समोर एकही बटण नाही, स्क्रीनभोवतीच्या काळ्या पट्टीवरून बोट वर सरकवलं की चालू असलेली सगळी ॲप्स छोट्या खिडक्यांमध्ये रांगेत दिसतात, आणि व्हिडिओ लावला असेल तर तो त्या छोट्या खिडकीत पण चालूच राहतो. ॲप बंद करायचं तर ती खिडकी वर ढकलून द्यायची. वरच्या पट्टीवरून खाली बोट ओढलं की त्या ॲपचा मेनू. हे २०११ चं यंत्र आहे! आत्ता आपण फोनवर करतो ते जवळपास हेच की.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ऑपरेटिंग सिस्टीमच्या विषयात एक केस स्टडी द्यायचीय, म्हटलं हाच विषय घ्यावा. थोडं वाचल्यावर कळलं की त्या वेळी ब्लॅकबेरीच्या फोनवर वेगळीच ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, होती आणि ही टॅबलेटवाली क्यूएनएक्स नावाच्या दुसऱ्याच एका ओएसवर बांधलेली होती. मग हातात चालती ओएस असताना नवीन कशाला आणली? आणायचीच होती तर सरळ अँड्रॉइड का नाही घेतलं? आणि एवढं चांगलं काम करूनही हे सगळं बुडलं कसं? शेवटी एक साधा प्रश्न, यात मामाचे घरचे फोटो आहेत, ते काढून घेऊन फॅक्टरी रिसेट मारू का?

जुना_बेरीवाला

सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, रिसेट मारू नकोस!! ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनच्या आणि प्लेबुकच्या सेवा बंद केल्या. प्लेबुक पूर्ण पुसला की सेटअपमध्ये ब्लॅकबेरी आयडी मागतो आणि पलीकडून उत्तर द्यायला सर्व्हर नाही, तिथेच अडकून बसशील. फोटो यूएसबी लावून कॉम्प्युटरवर घे आणि मग टॅबवरचे हाताने डिलीट कर. ब्राउझरवर पण भिस्त ठेवू नकोस, आताच्या बऱ्याच वेबसाइट त्यात उघडणारच नाहीत.

आता मूळ मुद्दा. मी मुंबईत एका ऑफिसच्या आयटीमध्ये होतो आणि ब्लॅकबेरीचा सर्व्हर, म्हणजे बीईएस, माझ्याकडे होता, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय. फोनवरची ब्लॅकबेरी ओएस मुळात पेजरच्या घराण्यातली. १९९९ मध्ये त्यांचं ८५० नावाचं छोटं यंत्र आलं तेव्हापासून ती वाढत गेली, पुढे सगळी ॲप्स जावामध्ये आली. कमी मेमरी, मंद नेटवर्क, छोटी बॅटरी, आणि यातून मेल वेळेवर पोचलाच पाहिजे, यासाठी ती घडवलेली होती आणि त्या कामात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण मोठा टचस्क्रीन, दोन कोअरचा प्रोसेसर, एचडी व्हिडिओ, खरंखुरं वेब, हे तिच्या अंगात नव्हतं. वेबकिट या इंजिनवर चालणारा धड ब्राउझर सुद्धा २०१० च्या ऑगस्टमध्ये टॉर्च फोनबरोबर ओएस ६ आली तेव्हा मिळाला. म्हणजे नवीन पाया घालणं भागच होतं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

चुकलं ते दुसरीकडे, आणि माझ्या मते तुझी केस स्टडी तिथेच आहे. १९ एप्रिल २०११ ला अमेरिका आणि कॅनडात प्लेबुक विकायला आला तेव्हा त्यात मेलचं ॲप नव्हतं. कॅलेंडर नाही, कॉन्टॅक्ट्स नाहीत, बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरीचं स्वतःचं मेसेंजर, तेही नाही. अरे, ब्लॅकबेरी लोक घ्यायचे ते कशासाठी? आपल्याकडे तेव्हा कॉलेजची पोरं कर्व्ह ८५२० फोन घेऊन फिरायची ती बीबीएमसाठी आणि ऑफिसातले साहेब घ्यायचे ते मेलसाठी. आणि टॅबलेटवर नेमक्या त्याच दोन गोष्टी गायब.

याचं कारण ओएस बदलण्यातच आहे. ब्लॅकबेरीचा मेल म्हणजे फोनमधलं नुसतं एक ॲप नव्हतं. कंपनीच्या मेल सर्व्हरशेजारी बीईएस, तिथून एन्क्रिप्ट होऊन मेल रिमच्या, म्हणजे ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीच्या, नेटवर्क सेंटरला, तिथून मोबाइल कंपनीमार्फत हँडसेटवर, आणि प्रत्येक हँडसेटला स्वतःचा पिन, म्हणजे ओळख क्रमांक. आमच्या बीईएसमध्ये एका माणसाच्या नावावर एकच हँडसेट बांधलेला असायचा, दुसरं यंत्र जोडायची सोयच नव्हती. ही सगळी साखळी जुन्या ओएसच्या पोटात विणलेली होती आणि नव्या ओएसवर ती मुळापासून परत लिहावी लागणार होती. ते वेळेत झालं नाही. म्हणून मग ब्रिज काढला, टॅबलेट ब्लूटूथने ब्लॅकबेरी फोनला जोडायचा आणि फोनमधला मेल टॅबलेटच्या मोठ्या स्क्रीनवर बघायचा. फोन लांब गेला की टॅबवर काहीच राहत नाही. सिक्युरिटीवाल्यांना हे फार आवडायचं, टॅब हरवला तरी मेल कुठे जात नाही. पण ज्याच्याकडे ब्लॅकबेरी फोनच नाही त्याने काय करायचं? त्याला ब्राउझरमधून वेबमेल.

मुळामुठा

बेरीवाले साहेबांशी सहमत, मी क्यूएनएक्सच्या बाजूने थोडी भर घालतो, गेली बरीच वर्षं पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि रोजचं काम त्याच्यावरच असतं.

क्यूएनएक्स ही काही ब्लॅकबेरीने बनवलेली गोष्ट नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकलेल्या गॉर्डन बेल आणि डॅन डॉज या दोघांनी १९८० मध्ये कंपनी काढली, ओटावाजवळ. पुढे ती हार्मन या ऑडिओवाल्या कंपनीकडे गेली आणि रिमने २०१० च्या एप्रिलमध्ये हार्मनकडून ती विकत घेतली. तारीख बघ, पहिला आयपॅड दुकानात आला तो पण २०१० चाच एप्रिल. आणि २७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत प्लेबुक जगाला दाखवला. म्हणजे जेमतेम पाच महिने! राउटरमध्ये, मेडिकल यंत्रांमध्ये, गाड्यांमध्ये चालणारी ओएस उचलून त्यावर टॅबलेटचा चेहरा चढवायचा आणि तो दाखवायचा, हे इंजिनिअरिंग म्हणून फार मोठं काम आहे आणि त्याबद्दल मला त्या टीमचा आजही मनापासून आदर वाटतो.

आता तुझ्या विषयाचं. लिनक्समध्ये, म्हणजे पर्यायाने अँड्रॉइडमध्ये, ड्रायव्हर, फाइल सिस्टीम, नेटवर्क हे बहुतेक सगळं कर्नलच्या, म्हणजे ओएसच्या गाभ्याच्या, आत असतं. क्यूएनएक्स मायक्रोकर्नल आहे, कर्नलकडे शेड्युलिंग, इंटरप्ट आणि प्रोसेसमधले निरोप पोचवणं अशी मोजकीच कामं. बाकीचं सगळं बाहेर, स्वतंत्र प्रोसेस म्हणून, आणि एकमेकांशी बोलायचं ते मेसेज पासिंगने. त्यामुळे ऑडिओचा ड्रायव्हर आपटला तर तेवढाच परत उठवायचा, बाकी यंत्र चालू. चाळीत एका खोलीचा फ्यूज उडाला म्हणून अख्खी चाळ अंधारात जात नाही, तसं. तुला ती छोट्या खिडकीतला व्हिडिओ न अडखळता चालतो ती गंमत दिसली ना, त्याच्यामागे हे शेड्युलिंग आहे, आणि सोबत १ जीबी रॅम. त्याच वर्षीच्या आयपॅड २ मध्ये ५१२ एमबी होती.

एक करून बघ. सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये ॲप्लिकेशन बिहेवियर म्हणून एक पर्याय आहे, त्यात तीन प्रकार आहेत, शोकेस, डिफॉल्ट आणि पॉज्ड. शोकेस ठेवलंस तर मागे गेलेली ॲप्स जशीच्या तशी चालू राहतात, पॉज्ड ठेवलंस की समोरचं सोडून बाकी सगळी थांबतात. मल्टिटास्किंग किती हवं हे सरळ वापरणाऱ्याच्या हातात दिलंय. सरांना हे प्रत्यक्ष दाखव, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा शंभर पटीने कळेल.

अँड्रॉइड का नाही याचं उत्तर पण तारखांमध्येच आहे. २०१० मध्ये टॅबलेटसाठीचं अँड्रॉइड नव्हतंच. सॅमसंगने पहिला सात इंची गॅलेक्सी टॅब काढला तो फोनसाठीच्या २.२ वर. टॅबलेटवालं ३.० हनीकोंब आलं २०११ च्या फेब्रुवारीत. शिवाय सरकारी खाती, बँका, लष्कर हे ब्लॅकबेरीचं मुख्य गिऱ्हाईक, सुरक्षेची चावी दुसऱ्याच्या हातात देणं त्यांना परवडणारं नव्हतं. अमेरिकन सरकारी कामात लागणारं एफआयपीएस प्रमाणपत्र मिळालेला पहिला टॅबलेट प्लेबुकच होता, २०११ च्या जुलैमध्ये.

अवांतर: नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्यूएनएक्सची एक डेमो डिस्क मिळायची. एक १.४४ एमबीची फ्लॉपी, त्यावरून कॉम्प्युटर बूट व्हायचा आणि खिडक्या, माउस, वेब ब्राउझर सगळं त्या एका फ्लॉपीत. कॉलेजच्या लॅबमध्ये ते पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की याच लाइनमध्ये जायचं.

फ्लॅशवाली

या विषयावर कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं वाचून. मी तेव्हा ॲडोबीच्या फ्लॅशमध्ये (ॲनिमेशन आणि खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) काम करायचे, शाळेतल्या मुलांसाठी छोटे खेळ, पाढे वगैरे. ॲप बनवणाऱ्यांची बाजू कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते, कारण ओएस बदलली की सगळ्यात आधी त्यांच्यावरच येतं.

फोनसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं जावामध्ये ॲप्स लिहिली होती त्यांचा कोड प्लेबुकवर चालतच नव्हता. म्हणजे कंपनीची स्वतःची जी जुनी फौज होती तीच बाहेर. २०११ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की जुनी जावा ॲप्स आणि अँड्रॉइड २.३ ची ॲप्स चालवणारे प्लेयर देऊ. त्यातला अँड्रॉइडवाला पुढे आला, जावावाला कधीच आला नाही. सुरुवातीला ॲप लिहायचं तर ॲडोबी एअरमध्ये, म्हणजे फ्लॅशच्याच घरातल्या साधनात, आमच्यासारख्या फ्लॅशवाल्यांना ते घरचंच होतं. ॲप मंजूर झालं तर प्लेबुक फुकट अशी योजना पण काढली होती, मला त्यातूनच मिळाला. तो डबा घरी आला त्या दिवसाचा आनंद अजून आठवतो, आणि आपण बनवलेला पाढ्यांचा खेळ भाचीने त्यावर खेळणं हे तर विचारूच नका.

पण पुढे बघा काय झालं. एअरनंतर वेबवर्क्स आलं, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. ऑक्टोबर २०११ मध्ये सी आणि सी++ वालं नेटिव्ह किट आलं. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीनेच मोबाइलसाठी फ्लॅश प्लेयर बंद करत असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१२ ला प्लेबुक ओएस २.० बरोबर अँड्रॉइड प्लेयर, तिथे अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल ब्लॅकबेरीच्या बार फाइलमध्ये बदलून, साइन करून टाकायची. आणि मग ब्लॅकबेरी १० या पुढच्या ओएससाठी कॅस्केड्स, क्यूटी या ॲप बनवायच्या साधनावर बांधलेलं. दोन वर्षांत एवढे रस्ते! प्रत्येक रस्ता आपापल्या जागी चांगला होता हो, कॅस्केड्स तर फारच सुंदर होतं. पण छोट्या माणसाने नक्की शिकायचं काय? मोठ्या कंपन्या प्रत्येक वेळी नवीन माणूस लावू शकतात, एकटी बाई घरून ॲप्स बनवते तेव्हा तिला एकच रस्ता निवडता येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नवी ओएस आणताना पहिल्या दिवशी ॲप लिहायचा एक रस्ता ठरवावा आणि निदान दोन-तीन वर्षं तोच धरून ठेवावा.

मधला_स्टॉप

सगळं वाचलं, छान माहिती, पण मला वाटतं तुम्ही मंडळी ओएसमध्ये जरा जास्तच खोल शिरताय. साधा हिशोब बघा ना. एप्रिल २०११ ला आयपॅड २ भारतात आला, १६ जीबी वायफायवाला २९,५०० ला. जूनमध्ये प्लेबुक आला २७,९९० ला. दीड हजाराच्या फरकात कोण आयपॅड सोडून सात इंची टॅब घेणार, तेही ज्यात मेल नाही? अमेरिकेत तर किंमत तीच, ४९९ डॉलर. रिमने पहिल्या तिमाहीत पाच लाख प्लेबुक पाठवले, दुसऱ्या तिमाहीत दोन लाख, तिसऱ्या तिमाहीत दीड लाख. ॲपलने एप्रिल ते जून २०११ या एका तिमाहीत ९२.५ लाख आयपॅड विकले. शेवटी डिसेंबरमध्ये पडून राहिलेल्या प्लेबुकपायी ४८.५ कोटी डॉलरचा फटका त्यांनी हिशोबात दाखवला आणि आपल्याकडे तोच १६ जीबीवाला १३,४९० ला काढला, तेव्हा कुठे लोकांनी उचलला. एचपीचं पण तेच झालं की, त्यांच्या टचपॅड टॅबलेटमध्ये वेबओएस किती सुरेख होती, जुलैमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गुंडाळला. म्हणजे ओएस कितीही चांगली असो, किंमत चुकली की संपलं.

जुना_बेरीवाला

किंमतीचा मुद्दा मान्य, पण किंमत चुकली असं आपण म्हणतो ते कशामुळे? त्या पैशात काय मिळत होतं त्यावरून ना. तेवढ्याच २७,९९० मध्ये मेल, कॅलेंडर आणि बीबीएम असता तर आमच्या ऑफिसातल्या निम्म्या साहेब लोकांनी तो घेतला असता, ते मला विचारायचेच, मेल येतो का यात? मी म्हणायचो फोन जोडलात तर येतो, की विषय संपला. मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स आले २०१२ च्या फेब्रुवारीत ओएस २.० मध्ये. खूप छान केले होते, सगळी खाती एकाच इनबॉक्समध्ये. पण दहा महिने उशिरा, तोपर्यंत माल अर्ध्या किमतीवर आला होता. आणि बीबीएम तर स्वतंत्रपणे त्यावर शेवटपर्यंत आला नाही.

सिन्नरकर

बापरे, केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. फोटो काढून घेतले, रिसेट नाही मारला, बेरीवाले काका थँक्यू! शोकेस आणि पॉज्ड दोन्ही करून बघितलं, पॉज्डमध्ये खिडकी लहान केल्याक्षणी व्हिडिओ थांबतो, शोकेसमध्ये चालू राहतो, सरळ डोळ्यांना दिसतं.

आता अजून एक शंका. फोन हाच त्यांचा मुख्य धंदा होता ना, मग नवी ओएस आधी फोनवर का नाही आणली? टॅबलेटवर आधी प्रयोग करायचं कारण काय?

मुळामुठा

चांगला प्रश्न. माझं मत सांगतो. पहिला प्लेबुक फक्त वायफायचा होता, त्यात सिमच नाही. म्हणजे मोबाइल रेडिओचं सॉफ्टवेअर नको, जगभरातल्या मोबाइल कंपन्यांची मंजुरी नको, कॉल नको, बॅटरी पण मोठी. नव्या ओएससाठी टॅबलेट ही सोपी पायरी, फोन ही अवघड. आयपॅडमुळे घाई पण होतीच. इंजिनिअर म्हणून मला हा क्रम चुकीचा वाटत नाही.

अडचण झाली ती दुसऱ्या पायरीला लागलेल्या वेळाची. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की फोन आणि टॅबलेट दोन्ही एकाच नव्या ओएसवर आणणार, नाव बीबीएक्स. त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला म्हणून डिसेंबरमध्ये नाव केलं ब्लॅकबेरी १०. जानेवारी २०१२ मध्ये रिमचे दोन्ही प्रमुख लझारिडिस आणि बाल्सिली पायउतार झाले, त्यांच्या जागी थॉर्स्टन हाइन्स आले. आणि पहिला फोन झेड१० दाखवला ३० जानेवारी २०१३ ला. म्हणजे प्लेबुक दाखवल्यापासून सव्वादोन वर्षांनी. मधल्या काळात दुकानात जे फोन होते त्यांच्यावर जुनीच ओएस ७, आणि गिऱ्हाइकाला माहीत की ही ओएस जाणार आहे, याच्यावरची ॲप्स पुढे चालणार नाहीत. कोण घेणार? झेड१० आपल्याकडे आला तेव्हा ४३,४९० किंमत, आणि तोपर्यंत लोक व्हॉट्सॲपवर गेलेले.

फ्लॅशवाली

आणि प्लेबुकवाल्यांना ब्लॅकबेरी १० देऊ असं झेड१० च्या वेळी सांगितलं होतं, ते पण राहिलंच. २८ जून २०१३ ला हाइन्सनी सांगितलं की कामगिरी मनासारखी होत नाहीये म्हणून प्लेबुकला ते मिळणार नाही. झेड१० मध्ये २ जीबी रॅम, प्लेबुकमध्ये १, तांत्रिक कारण मी समजू शकते. पण ज्या टॅबलेटवर ती ओएस लहानाची मोठी झाली, आणि ज्या लोकांनी मेल नसताना सुद्धा विश्वासाने तो घेतला, त्यांनाच शेवटी बाहेर ठेवलं, हे मला आजही पटत नाही. सिन्नरकर, हे तुझ्या केस स्टडीत नक्की लिही.

मुळामुठा

हो, लिहीच. आणि सोबत हे पण लिही की क्यूएनएक्स बुडाली नाही. ब्लॅकबेरीच्याच २०२३ च्या आकड्याप्रमाणे साडेतेवीस कोटी गाड्यांमध्ये ती चालते, डिजिटल क्लस्टरमध्ये (स्टिअरिंगमागचा डिजिटल मीटर), ब्रेक लावायला मदत करणाऱ्या यंत्रणांमध्ये. म्हणजे पाया चांगला होता हे पुढे सिद्ध झालंच. तू जो मेल, बीबीएम आणि ॲप्सचा भाग लिहिशील तो वेगळा काढ आणि कर्नलचा भाग वेगळा, दोन्ही एकत्र केलेस की सर म्हणतील मायक्रोकर्नल फेल गेला, आणि ते खरं नाही.

प्लेबुकवर कर्नलच्या आत काही बघता येणार नाही, ते सगळं बंद आहे. पण २०२४ च्या नोव्हेंबरपासून क्यूएनएक्स ८ बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट मिळते, रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर चालते. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पाय असेलच एखादा. त्यावर टाक, चालू असलेल्या प्रोसेसची यादी बघ, नेटवर्कवाली प्रोसेस किल कर आणि परत सुरू कर, यंत्र रीबूट न होता नेटवर्क परत येतं ते बघ. मात्र त्या वेळी कीबोर्ड आणि मॉनिटर पायलाच जोडलेले ठेव, एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरमधून, आत गेलास तर तूच बाहेर फेकला जाशील. कुठे अडलं तर इथेच विचार.